भागोजीकाकांचा चेक मी का टाकला

हमीदमामूंना इकराचा सलाम.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की भागोजीकाकांनी आपल्याला फसवलं. ते चूक आहे. आधी ते खोडा, मग तब्येतीचं कळवा. (कुवेतमध्ये गुडघे बरे असावेत. अम्मी ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. पत्र लिहून फोटो पाठवते, कारण फोनवर मला अर्धंच बोलता येतं.)

तुमची कलमांची बाग येत्या हंगामापुरती घेताना काकांनी माझ्या नावाचा ऐंशी हजारांचा चेक दिला आणि म्हणाले, "इकरा, आंब्याचे पैसे हातात आले की सांगतो, तवर ठेव." इथे सगळे असंच करतात. पण नानांनी मला घरीच अक्षरं शिकवली ती 'लिहिलेलं पाळायचं' असं बजावत, आणि चेकवर तारीख लिहिलेली होती. तीन महिन्यांनी तो बाद होतो हे कळल्यावर मला जेवण जाईना. शेवटच्या दिवशी टाकला. परत आला. वकिलांची नोटीस गेली आणि काका आरोपी झाले.

परवा रत्नागिरीला कोर्टाने मध्यस्थीला बोलावलं. राजापूरहून सोयीची एकच एसटी, त्यामुळे फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर. त्यांनी माझं बायकांचं अर्धं तिकीट काढलं. (आरोपीकडून तिकीट घेणं बरोबर नाही, म्हणून मी पैसे परत दिले. ते म्हणाले, "आता पावती पण माग गो!") मध्यस्थ बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसायला सांगितलं, तेव्हा आम्ही एकाच डब्यातली घावनं खात होतो.

बाईंनी सुचवलं ते असं: दरमहा दहा हजार, कोर्टाच्या देखरेखीखाली. फिटले की खटला संपला, शिक्षा नाही. हप्ता चुकला तर पुन्हा उभा. काका लगेच म्हणाले, "चूक माझीच, सही कुठं करू?" पहिल्या हप्त्यासाठी ते दुभती म्हैस विकणार आहेत. मी गप्प बसले, कारण वकिलांनी डोळ्यांनी खुणावलं होतं. येताना काका मला खिडकी देऊन झोपले. मी आठवत राहिले, बोललेलं पाळू नये असं नाना कधी म्हणाले होते का.

तुमची भाची,
इकरा

ता.क. पैसे तुमचे, म्हणून विचारते: हप्ते एप्रिलपासून, आंबा निघाल्यावर धरले तर चालेल का? म्हैस राहील.

आणखी एक. काकांची ती अट मी तेव्हाच तुम्हाला फोनवर सांगितली होती आणि तुम्ही "बरं" म्हणाला होतात. मागच्या पत्रात मी ते गाळलं. तुमचं उत्तर आलं नाही तरी मध्यस्थ बाईंना मी हे सगळं पुढच्या बैठकीत सांगणार आहे: मंगळवार, १७ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता.