पुढारी पातळ हवा

प्रिय वन्सं,

तर मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, मधोमध तुझा दादा बारा पौंडी दोऱ्याचं रीळ मुठीत आवळून उभा, समोर तुझा दातवाला सहा पौंडी रीळ दोन बोटांत धरून, आणि मध्ये मी, हातात दोघांच्या टोप्या. दोघंही हलायला तयार नाहीत. दुकानदाराने काउंटरमागून मला हळूच विचारलं, भाऊ-भाऊ का हे? मी म्हटलं, अजून ठरायचंय.

तू त्याला एकट्याला पाठवलंस ते मुद्दाम, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. सुट्टी मिळत नाही म्हणालीस. दवाखान्याला दोन दिवस कुलूप लावून तो येऊ शकतो आणि तुला सुट्टी मिळत नाही. बरं केलंस. महिनाभर इथे नुसती शांतता होती. दादाने साक्षीदार म्हणून सही केली तरच लग्नाची नोंदणी करायची, नाहीतर नाही, असं तू लिहिलंस, आणि तुझ्या दादाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लिफ्टच्या कामावर जायचा, यायचा, जेवायचा. विषय काढला की उठून स्क्रूड्रायव्हर शोधायचा. घरातले सगळे स्क्रू आता घट्ट आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा माणूस दारात उभा राहिला तेव्हा दादाने त्याला बसा म्हटलं, आणि नंतर तासभर कोणीच काही म्हटलं नाही. तुझा माणूस मुळातच कमी बोलतो. मला वाटतं, दिवसभर ज्यांच्याशी गाठ पडते त्यांच्या तोंडात त्याचाच हात असतो, त्यामुळे उत्तराची सवय राहिलेली नसावी. दादा गप्प होता त्याचं कारण वेगळं. त्याची डावीकडची दाढ दोन महिने दुखते आहे. मला सांगितलेलं नाही. पण तो उजवीकडूनच चावतो आणि गार पाणी पीत नाही, आणि मी आंधळी नाही, चष्म्याच्या दुकानात काम करते. आता दातांचा डॉक्टर समोर बसलेला, म्हणजे तोंड उघडायची सोय नाही. जेवताना तो असा ओठ मिटून चावत होता, जणू घास चोरून आणला आहे. तुझा माणूस ताटात बघत होता. त्याने पहिल्या घासाला ओळखलं असणार. बोलला नाही. तेव्हाच तो मला आवडला.

मग दादा म्हणाला, उद्या तळ्यावर जाऊ. तुला माहीत आहे त्याचं. माणूस पाहायचा तर होडीत बसवावा, होडीतून उठून जाता येत नाही. त्याला वाटलं, दाताच्या डॉक्टरला मासेमारीतलं काय कळणार. तू त्याला सांगितलं नव्हतंस की तुझा माणूस लहानपणापासून गळ टाकतो. मलाही नाही सांगितलंस. त्याने पिशवीतून आपली काठी काढली तेव्हा दादाचा चेहरा बघायला तू हवी होतीस. पेन्सिलीएवढी काठी. दादा म्हणाला, बाकीची कुठंय?

म्हणून सकाळी आम्ही दुकानात. तुला यातलं काही कळत नाही म्हणून थोडक्यात सांगते, कारण मलाही कालच कळलं. रिळावर असतो तो विणलेला दोरा, बारीक पण पक्का. पाण्यात मात्र तो दिसतो. तळ्याचं पाणी नितळ आहे, तळाचे दगड मोजता येतात, आणि तिथला बास मासा संशयी आहे. म्हणून विणलेल्या दोऱ्याच्या टोकाला काठीच्या लांबीएवढा फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा जोडायचा आणि गळ त्याला बांधायचा. पाण्यात घातलेली काच दिसते, कारण प्रकाश तिच्यात शिरताना वळतो. या दोऱ्यात तो जवळजवळ वळतच नाही, म्हणून दोरा पाण्यात विरून गेल्यासारखा होतो. हे मी त्या दोघांना सांगितलं. दोघांनी मान डोलावली आणि आपापलं रीळ घट्ट धरून ठेवलं.

दादाला जाड, बारा पौंड पेलणारा दोरा हवा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. लिफ्टमध्ये जेवढं वजन चढतं त्याच्या दहापट ताकदीचा दोर लावतात. माणसं आत असतात. तिथे काटकसर चालत नाही. मग इथे का चालावी? तुझ्या माणसाने जरा विचार केला आणि म्हणाला, पण लिफ्ट दोर बघून पळून जात नाही. दुकानदार हसला. मी हसले. दादा हसला नाही, पण रिळावरची मूठ जरा सैल झाली.

या जोडलेल्या दोऱ्याला लीडर म्हणतात. दादाने लगेच त्याचा पुढारी केला. पुढारी आणि पातळ? त्याने विचारलं. तुझा माणूस म्हणाला, हो, इथे पातळच हवा. दिसता कामा नये. तळाशी दगड-झुडपं फार असतील तर थोडा जाड घ्यावा, घासायला टिकतो. पण नितळ पाण्यात पातळच. आणि कुठे अडकलंच तर सगळ्यात आधी त्याने तुटावं, म्हणजे मागचे वाचतात. दादा म्हणाला, असला पुढारी मी जन्मात पाहिला नाही. आणि हसला, वन्सं. पुरता हसला, मग एकदम आठवण होऊन तोंड मिटलं. दोघांनी दोन्ही रिळं घेतली. वाद दुकानदाराच्या फायद्याचा ठरला.

दोन दोऱ्यांची गाठ तुझ्या माणसाने होडीत बसून मारली. आधी ओठांत धरून ओली केली. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथेच कच्ची पडते म्हणे. दादा म्हणाला, डॉक्टर आहे आणि थुंकी लावून काम करतो. तरी गाठ हातात घेऊन त्याने ती ओढून पाहिली, लिफ्टचा दोर तपासावा तशी, दोन्ही मुठींनी. गाठ टिकली. दादाने परत एकदा ओढून पाहिली.

मी मधल्या फळीवर बसले होते, मांडीवर कॉफीचा थर्मास. एकीकडे दादाची जाड काठी, दुसरीकडे ती पेन्सिल. ऊन चढलं. दादाच्या गळाकडे मासे यायचे, थांबायचे आणि वळायचे. ते दिसत होतं, हेच वाईट. तुझ्या माणसाने दोन लहान मासे काढले, ओल्या हाताने धरले आणि परत सोडले. दादा म्हणाला, हे काय, ओळख करून घेतोस का त्यांची? तो म्हणाला, मोठं व्हायला वेळ द्यावा लागतो. मग बराच वेळ काही नाही. आणि मग तुझ्या माणसाने आपली काठी दादापुढे धरली.

तुझ्या दादाला कोणी शिकवलेलं चालत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. त्याने काठीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि ती घेतली. त्या हातात ती काडी वाटत होती. तुझा माणूस फक्त एवढंच म्हणाला, हात हलका. दादाने गळाला लावलेली रबरी अळी खाली सोडली. दोऱ्याला वजनासाठी लावलेलं शिसं तळाला टेकलं की टोकाला टिचकी मारल्यासारखं कळतं. त्याचे डोळे मोठे झाले. म्हणाला, अरे, दगड लागतोय. हा दगड. ही वाळू. मला सगळं कळतंय. लहान मूल खेळण्याला कान लावून बसतं तसा तो बसला होता.

मग काठी वाकली. एकदम पाण्यापर्यंत. दादाचे खांदे वर आले, आता तो हिसका देणार, आणि तो दोरा तटकन जाणार, हे मला मागे बसूनही दिसलं. तुझ्या माणसाने एकच शब्द उच्चारला. ब्रेक. रिळाला एक बारीक चकती असते, ती फिरवली की दोरा किती सुटायचा ते ठरतं. दादा मोठं तोंड उघडून ओरडला, ब्रेक मला शिकवू नकोस. आणि खांदे खाली आले. चकती केसभर सैल केली. मासा पळाला, रीळ गुणगुणलं, दादाने पळू दिलं. मग केसभर आवळली. आतल्या माणसाला धक्का न लागता थांबवायचं, हेच त्याने आयुष्यभर केलं आहे. मी त्याच्या कामावर कधी गेले नव्हते. काल प्रथमच त्याला काम करताना पाहिलं. मासा चार वेळा पळाला, पाचव्यांदा दमला, तुझ्या माणसाने जाळी खाली घातली. दोन किलोंच्या वर. हिरवट, रागावलेला.

दादा म्हणाला, बास.

मला वाटलं, माशाचं नाव घेतोय. तुझ्या माणसाला वाटलं, पुरे झालं, परत चला, म्हणून तो बिचारा नांगर ओढायला लागला. दादा म्हणाला, ते नाही रे. पण काय ते सांगितलं नाही. मासा पाण्यात सोडला, शेपटी हलवून तो जाईपर्यंत वाकून बघत राहिला.

काठावर आल्यावर गाडीपाशी तो तुझ्या माणसाला बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, तुझ्याबद्दल, घराबद्दल, जे मोठे भाऊ बोलतात ते. तर दादा गाडीच्या बॉनेटला टेकून आ वासून उभा, आणि तुझा माणूस मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडात पाडून आत बघतोय. बाजूने लोक होड्या उतरवत होते. वाचेल, तो म्हणाला. दादाने तोंड न मिटताच विचारलं, खरंच? वाचेल, तो पुन्हा म्हणाला, पण आता उशीर नको.

तो रात्रीच्या गाडीने गेला. मग मी दादाला विचारलं, ते बास कोणतं होतं? तुझा माणूस ती पेन्सिलीएवढी काठी ठेवून गेला होता, दादा ती बराच वेळ पुसत राहिला. पुसायला ती एवढी नाही. मग म्हणाला, माणसं पारखणं बास. तिच्या पहिल्या लग्नाच्या वेळी माणूस मी पाहिला होता. उंच, रुंद, मोठ्या आवाजाचा. मला तो मजबूत वाटला. हो मी म्हटलं आणि भोगलं तिने. माझा होकार तिला लाभत नाही, आणि ती पुन्हा तोच मागतेय. वन्सं, महिनाभराची शांतता एवढीच होती. त्याचं तुझ्या माणसाशी काही वाकडं नव्हतंच. तू त्यातून केव्हाच बाहेर आलीस, हा तिथेच उभा होता. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, होकार तिचा. तिने दिलाय तो चांगला आहे. मी फक्त येऊन खाली सही करतो. आणि हे तिला तू लिही, मी फोन केला तर तिला वाटेल काहीतरी झालंय. म्हणून लिहिते आहे. तारीख पक्की कर, पुढे ढकलू नकोस. आणि त्याच्याकडून फोनवर हो वदवून घ्यायच्या फंदात पडू नकोस. फोन केलासच, तर दाढेची चौकशी कर.

तुझीच,
वहिनी

ता. क. – पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी दादा मला न सांगता बाजारात गेला आणि काळे बूट घेऊन आला. एका नंबराने लहान निघाले. बदलायला परत गेला आहे.