आमच्या फोनवर शेजारच्यांची चौकशी

रोझ हिल, मॉरिशस, ३ जुलै १९८४

दुकानातून पुन्हा फोन. शेजारच्या गणूकाकांनी हप्त्याने फ्रिज घेतला तेव्हा अर्जात आमचा नंबर लिहून दिला. गल्लीत फोन आमच्याकडेच, करणार काय. "मादाम, त्यांना सांगा, हप्ता थकलाय. चार लोकांसमोर सांगितलंत तर बरं." चार लोकांसमोर म्हणे. मी तुमच्या पगारावर आहे का, विचारलं. "एस्कीझे, मादाम," माफ करा म्हणे, आणि उद्या परत हाच.

फ्रिज दुसऱ्या महिन्यात बंद पडला. आत राधाकाकू चादरी ठेवतात. दुरुस्तीला माणूस मागितला की दुकान बहिरं. काकांनी हप्ते थांबवले ते बरोबरच केलं.

९ जुलै

शाळेतून आले तर हे खुशीत. कुणा मुलाकडच्यांचा फोन, काकांच्या सरितासाठी. "किती छान मराठी गं त्याची. आधी नमस्कार म्हणाला." झालं. नमस्कार म्हटलं की हे विरघळले. मराठी मंडळाचे सेक्रेटरी ना. भाषा बुडाली म्हणून दर सभेत गळा काढतात, तोही क्रेओलमध्ये.

त्याने विचारलं काय? "नेहमीचंच. मुलगी कुठे काम करते, पगार कधी, बाप घरी असतो का." यांनी सगळं सांगितलं. स्वेटरच्या फॅक्टरीत, पगार शुक्रवारी, बाप ऊसतोडीपुरता ग्रां बुआ गावी भावाकडे. कुणी विचारलं नसेल तेही सांगितलं असणार.

राधाकाकूंना कळवलं. संध्याकाळी खीर आली. सरिता सत्तावीस पूर्ण. दोन ठिकाणांहून नकार आलेले. खीर गोड झाली होती.

१३ जुलै

तो फोनवाला मुलाकडचा नव्हता. दुकानाचा वसुलीवाला होता.

सरिता सरळ आमच्याकडे आली. फॅक्टरी सुटली तेव्हा गेटवर फाईल घेऊन उभा, मराठीत मोठ्याने: तुझ्या शेजारच्या काकांनी सांगितलं, आज पगार हाय. "मावशी, सगळ्या पोरी बघत होत्या." पगाराचं पाकीट काढून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. सुपरवायझर बाईने बजावलंय: हा माणूस गेटवर पुन्हा दिसला तर सोमवारी येऊ नकोस. म्हणजे चूक पोरीची. सही बापाची, फ्रिज बंद, आणि नोकरी जाणार हिची.

यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग, "पण मराठी खरंच चांगली होती."

यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणजे आज तरी.

१४ जुलै

दुकानात गेले. मॅनेजरच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं, त्यांवर धूळ. मुलगी नोकरी कुठे करते हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं? हसला. "तुमच्या मिस्यांनी खुशीने सांगितलं, मादाम." मिस्ये म्हणजे आमचे हे. लग्नाचं नाव काढून? "पा कोने." माहीत नाही. त्याला कधीच काही माहीत नसतं. आमचा नंबर खोडा म्हटलं. अर्ज पोर्ट लुईच्या ऑफिसात. मेकॅनिक? तोही पोर्ट लुईत. फक्त तो मराठी बोलणारा निर्लज्ज इथे, रोझ हिलमध्ये, कोपऱ्यात बसून पाव खात होता. मला बघून नमस्कार केला. याच्या आईने याला भाषा कशाला शिकवली.

२० जुलै

आज फोनवर बाईचा आवाज. दुकान शहाणं झालं तर, आता बाई लावली. "नमस्कार, पांपलमूसहून बोलते. तुमच्या शेजारची सरिता कशी मुलगी हाय?" तुमचं नाव सांगा. "आधी विचारपूस, मंग नाव. अशीच रीत हाय ना." रीत मला शिकवते. पगार शुक्रवारी असतो, गेट माहीत आहे, फाईल विसरू नका, असं सुनावलं आणि ठेवून दिला. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. हे दारातून ऐकत होते, म्हणाले, "मी असतो तर परत वेड्यासारखा सगळं..." आणि आत गेले.

२३ जुलै

सकाळी राधाकाकू. ओट्याशी उभ्या, बसेनात. "तुझ्याकडे पांपलमूसचा फोन आयला का गं?" देवळातल्या भटजींनी घर सुचवलंय, मुलाची आई स्वतः फोन करणार होती. नाव भटजींनीही सांगितलेलं नाही, ठरेपर्यंत सांगत नाहीत. आपल्याकडून पोरीचं सगळं हवं, स्वतःचं गावाच्या नावापलीकडे काही द्यायचं नाही. त्या दुकानात आणि या मुलाकडच्यांत फरक काय, मला सांगा.

खोटं बोलता आलं असतं. आयला होता, म्हटलं.

"तू काय सांगितलास?"

काही नाही. ठेवून दिला.

काकू आधी हसल्या. "बरा केलास, काय सांगू नकोस कुणाला." मग हसू गेलं. म्हणाल्या, "शेजारीण काय सांगत नाय, म्हंजे मुलीत कायतरी हाय, असाच समजले असतील." तसं काही नाही, मी म्हटलं. त्यांना ते खोटं आहे हे कळलं, मला कळलं की त्यांना कळलं.

भटजी त्यांच्या मुलीकडे गेलेत, रविवारपर्यंत नाहीत, तोवर निरोप तरी कुणाकडून धाडायचा.

आज फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा काकू इथेच होत्या, आमच्या खुर्चीत. दुकान असेल. पांपलमूस असेल. मी त्यांच्याकडे बघितलं. उचल म्हणेनात, नको उचलू असंही म्हणेनात. वाजून वाजून थांबला.