बारावं घर

२६ जुलै, शुक्रवार
ओढा वाडीत शिरला. दिवसाढवळ्या, चार वाजता! कातकरवाडीतली बाराही घरं बसली. माणसं वाचली, सगळी माझ्या अंगणवाडीच्या खोलीत आहेत. जनाबाईची सून बारकी आठव्या महिन्यात. तिला पाय पसरायलाही जागा नाही. मी खिचडी ढवळत होते आणि मनात देवाला शिव्या घालत होते.

२८ जुलै, रविवार
मदत आली. भातसानगरच्या कॉलनीतून तांदूळ आणि ताडपत्र्या. दुसऱ्या टेम्पोतून नुसते कपडे — त्यात एक शेरवानी! म्हातारा महिपत ती घालून बसलाय. ऊब लागते म्हणतो.
जनाबाईला म्हटलं, बाकी सगळं राहू दे, आधी बारकीपुरतं छप्पर उभं कर.

३० जुलै
केलं की! चारी बाजूंना कारवीच्या काड्यांचे कूड, वर ताडपत्री. वाडीत पहिलं घर तिचं उभं राहिलं. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

१ ऑगस्ट
पंचनाम्याचे साहेब आले. अकरा घरं पडलेली, अकरांचे फोटो. जनाबाईच्या दारात थांबले. "हे तर उभं आहे. नुकसान नाही."
अहो, परवा उभं केलंय! तेही ताडपत्रीचं!
"बाई, फोटोत दिसेल तेच लिहिणार. माझ्या हातात काय आहे?"
यादीत नाव असेल त्यालाच वर माळावर घर मिळणार. जनाबाई खाली ओढ्याकाठीच राहणार. ओढा काय पुन्हा यायचा नाही? आणि तोवर बारकीच्या कुशीत लेकरू असेल. उभं कर म्हणून सांगणारी मीच. जीभ हासडून टाकावीशी वाटते.

२ ऑगस्ट
जीपमध्ये स्वतःला कोंबून मुरबाडला तहसील कचेरीत गेले. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी फेरपाहणीचा अर्ज घेतला.

४ ऑगस्ट, रविवार
निरोप आला, उद्या फेरपाहणी. मी धावत वाडीत गेले. जनाबाई, घर पाड!
हसली. "बाई, तुमीच बोलल्या उभं कर, आता तुमीच बोलता पाड. आमी काय समजायचा?" पण पाडलं. माझ्या शब्दाखातर.

६ ऑगस्ट
साहेब काल नाही, आज नाही. बारकी पुन्हा खोलीत, कोपऱ्यात. पाय सुजलेत.

७ ऑगस्ट
आले. मी पोचले आणि पाहते तर काय!
जनाबाईनं कारवीची काडी न् काडी मोळ्या बांधून अंगणवाडीच्या पडवीत नेऊन ठेवलेली, भिजू नये म्हणून. ताडपत्रीची घडी. आणि साहेब येणार म्हणून जागा झाडून, चोपून लख्ख! ढिगारा नाही, खांब नाही. मी तिला नुसतं पाड म्हटलं होतं. पडलेलं तसंच राहू दे, हे सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही. पाहुणा येणार तर कोण उकिरडा ठेवील?
"घर कुठाय?" साहेब म्हणाले. मी काकुळतीला आले, भांडले, रडलेसुद्धा. त्यांनी शेरा लिहिला — जागा मोकळी, कुटुंब स्थलांतरित.
जनाबाई लांब उभी होती. मला म्हणाली, "आमच्या जागंचं फोटू चार काढलं गो. बाकीच्यांचं येकेक."


८ ऑगस्ट
पंच म्हणून माझी सही हवी होती. नाही दिली तर बाकीच्या अकरांचे कागदही आज जाणार नाहीत, म्हणाले.
केली सही. कागद भिजू नये म्हणून वर इरलं धरून जनाबाई उभी होती. विचारलं, "झाला ना बाई आमचा?"
मी हो म्हटलं.