पाठीमागचा हात

अहो,

'प्रिय' लिहिणार होते, मग राहू दिलं. एकेचाळीस वर्षांत मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आणि आता तुम्ही हसायला नाही म्हणून सुरू करावं, हे काही बरं दिसत नाही.

पत्राला कारण तुमचा तो फोटो क्लब. तुम्ही जाऊन चार महिने झाले. काल संध्याकाळी त्यांनी डोंबिवलीत हॉल घेऊन तुमच्या आठवणींचा कार्यक्रम केला. तिथे माइकवरून सगळ्यांसमोर तुमच्याबद्दल एक चुकीची गोष्ट सांगितली गेली. ती चुकीची आहे हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. का बसले ते तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

कार्यक्रम कसला, नुसता देखावा. वीस-बावीस माणसं, त्यातली निम्मी आपापल्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालून. मला शाल दिली, नारळ दिला, आणि काचेच्या फ्रेममध्ये लाल मखमलीवर वेटोळं करून ठेवलेली तुमची नळी. तीच हो, वीस फुटी काळी रबरी. एक टोक कॅमेऱ्याच्या बटणात पिळून बसवायचं, दुसऱ्या टोकाला लिंबाएवढा फुगा. फुगा दाबला की नळीतून हवा जाते आणि लांब उभ्या असलेल्या कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबलं जातं. तुम्ही ती क्लबात कधी देऊन टाकलीत मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मीच फेकली.

मग तुमचे सेक्रेटरी सानेकर उठले. हा माणूस फोटोपेक्षा भाषणात जास्त रमतो, हे तुम्हीच म्हणायचात. त्यांनी पडद्यावर तुमचे-माझे घरचे फोटो एकामागून एक दाखवले आणि म्हणाले, "बघा, प्रत्येक फोटोत सरांचा उजवा हात वहिनींच्या पाठीवर आहे. पाठीवर हात असणं म्हणतात ते हेच." मागून कोणीतरी "किती छान" म्हणालं. मला हसू दाबताना खोकला आला आणि मिलिंदने पाण्याची बाटली पुढे केली. आपल्या मुलालासुद्धा ठाऊक नाही, की त्या हातात फुगा असायचा.

मोहने गावातला आपला पहिला फोटो आठवतो का? लग्नानंतरचा पहिला रविवार, माझ्या बाबांचं कंपनीतलं क्वार्टर. लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये माझे डोळे मिटलेले आले होते. तुमच्या आई येईल-जाईल त्याला तो अल्बम दाखवून सांगायच्या, "सून झोपेतच आली घरात." तुम्ही सतरंजीखालून नळी सरकवत होतात आणि माझे बाबा, एरवी एवढा कडक माणूस, पाय वर घेऊन बसले होते. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, फुगा धरलेली मूठ माझ्या पाठीमागे लपवलीत आणि कानाशी म्हणालात, "मी दाबलं की तुला पाठीत कळेल. हवा पोचायला क्षणभर लागतो. तेवढ्यात डोळे उघड." लग्नानंतर तुम्ही माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं लांबलचक बोलणं. त्यातही विषय हवेचा.

डोळे मात्र उघडे आले. त्यानंतर नळी होती तोवर तुमच्या एकाही फोटोत माझे डोळे मिटले नाहीत. नणंदांचे मिटले, जावांचे मिटले, माझे नाहीत. सगळ्यांना कौतुक. मला कधीच वाटलं नाही. गाय हाकताना पाठीत काठी टोचतात, ती काय प्रेमाने टोचतात?

आणि तुमचं ते तत्त्वज्ञान! बोट लावलं की कॅमेरा हलतो, म्हणून हात लावायचा नाही. एका नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्याला तुम्ही देवीसमोरच्या रोषणाईचा फोटो काढायला तिवई मांडलीत. तेव्हा हातात बटण दाबायची वीतभर तारेची केबल, डॉक्टरच्या सुईसारखी दोन बोटांत धरलेली. लोक ढकलत होते, मिलिंद माझ्या कडेवर रडत होता, त्याची एक चप्पल पडून कोणाच्या तरी पायाखाली गेली होती. मी तुमच्या खांद्याला हात लावला तर म्हणालात, "थांब, हलेल." चप्पल गेली. फोटोला क्लबात तिसरं बक्षीस मिळालं. कौतुक करायला मी टाळ्याही वाजवल्या, मूर्खासारख्या.

"थांब, हलेल." घरात दुसरं ऐकलं काय मी? माझी आई गेली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडत होते आणि तुम्ही दारात उभे राहिलात. आत आला नाहीत. चहा करून ओट्यावर ठेवलात आणि गेलात. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला सगळं दुरूनच दाबायची सवय आहे. कंपनीत दिवसभर औषधांचे नमुने तपासायचे, घरी येऊन भिंगं पुसायची. मध्ये बायको.

मग आला तुमचा रिमोट. त्याला कॅमेरा समोर दिसावा लागायचा, म्हणजे लपवायची सोय संपली. मिलिंदच्या मुंजीचे फोटो बघा. सगळे नटूनथटून उभे आणि मधोमध तुम्ही, हात लांब करून, टीव्हीचा चॅनल बदलल्यासारखे. त्या फोटोंत माझे डोळे मिटलेत. तुम्हाला ते लागलं असावं. कारण सहा महिन्यांत तुम्ही दुसरा रिमोट शोधून आणलात, ज्याला कॅमेरा दिसायची गरज नव्हती, आणि हात परत माझ्या पाठीमागे. मी म्हटलं, आलं का परत यंत्र.

आता शेवटच्या फोटोचं.

तुमचा जानेवारीतला वाढदिवस. मिलिंद आणि सूनबाई ठाण्याहून केक घेऊन आले होते. तुमचा उजवा हात त्या आजारानंतर जेवतानाही नीट उठत नव्हता. कॅमेरा कपाटात, रिमोटचे सेल कधीच संपलेले. आपण दिवाणावर बसलो, मिलिंदने मोबाईल धरला. मला पाठीमागे काहीतरी सरकताना जाणवलं. वेळ लागला त्याला. तुमचा हात थरथरत वर आला, नेहमीच्या जागी टेकला आणि अंगठा दाबला गेला.

आणि मी काय म्हणाले? सगळ्यांसमोर, मोठ्याने: "अहो, हातात काही नाहीये तुमच्या. उगाच काय दाबताय?"

सूनबाई हसली. तुम्ही हात काढून घेतलात, मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "माहितीये मला."

नेमका तेव्हाच मिलिंदने फोटो काढला.

तो फोटो काल सानेकरांनी शेवटी लावला. भिंतभर मोठा. माझं तोंड उघडं, तुमचा हात मांडीवर. सानेकर आवाज जड करून म्हणाले, "इथे मात्र आजारपणामुळे सरांचा हात उठू शकला नाही." लोक हळहळले. मी शालीचं टोक धरून बसून राहिले. हात उठला होता. मी तो खाली ठेवायला लावला होता. हे माइकवर कसं सांगायचं?

रात्रभर तुमचे ते दोन शब्द डोक्यात. माहितीये मला. म्हणजे हातात काही नाही हे माहीत होतं आणि तरी दाबलंत. मग सकाळी जुने फोटो काढून बसले. एक गोष्ट एकेचाळीस वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. प्रत्येक फोटोत तुमचा डावा हात मोकळा आहे. गुडघ्यावर, खुर्चीवर, नुसता पडलेला. फुगा त्या हातात धरून मांडीखाली लपवता आला असता की. तिथे कोणाला दिसला असता? पण मग मला कळलं नसतं आणि माझे डोळे मिटले असते. तुमच्या आईंना पुन्हा अल्बम दाखवायला मिळाला असता.

तुम्हाला तुच्छ लेखणं मला फार सोपं गेलं. त्यात तुमचाही वाटा आहेच, तो मी सोडणार नाही. एकदा तोंडाने सांगितलं असतंत तर काय हललं असतं?

ती फ्रेम मी आज उघडली. फुगा वाळून कडक झालाय, दाबला तर तडा जाईल. दाबला नाही. उशाशी ठेवलाय. शाल मात्र सानेकरांना परत पाठवते आहे, सोबत चिठ्ठी देऊन, की शेवटच्या फोटोच्या वेळीही हात उठला होता, बायकोने काढायला लावला. वाचू देत त्यांना माइकवर, आवाज जड करून.

पुढच्या महिन्यात मिलिंदच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. फोटो निघतील, माझे डोळे मिटतील. "आई, परत एकदा," तो म्हणेल. शब्द देते तुम्हाला, परत काढू देणार नाही. मिटलेले येऊ देत. बघणाऱ्यांना वाटेल म्हातारीला डुलकी लागली. पाठीमागे हात नव्हता, एवढंच त्यातून दिसेल, आणि ते खरं असेल.

तुमची,
शैला