पॅसेजमधला गरम पट्टा

२ जुलै, मंगळवार. सकाळी १०. पारा १०९ फॅरनहाइट.
उष्णता दाखवणारा कॅमेरा घेतला. दुकानातली किंमत चारशे नव्वद डॉलर. खरी पडली ती अशी: चारशे नव्वद, अधिक फ्लॅगस्टाफच्या डोंगरातले दोन थंड दिवस, जे लग्नाच्या वाढदिवसासाठी मार्लीनला कबूल केले होते, अधिक "मला यंत्रं लागत नाहीत, मला तळहात आहे" हे वाक्य, जे मी बावीस वर्षं फिनिक्सभर घरं तपासताना म्हणत आलो आणि आता म्हणता येणार नाही. तिन्हींत वाक्य सगळ्यात महाग.
मार्लीनने विचारलं, निल्सकडे आहे म्हणून घेतलास का. मी विचारलं, कोण निल्स.

त्याच दिवशी, दुपारी.
निल्स लुंडीन. नोंद असावी म्हणून लिहितो, एरवी या वहीत त्याला जागा नाही. वय चौतीस. तीन वर्षांपूर्वी मिनेसोटाहून, म्हणजे बर्फातून, इथे उतरला आणि आमची वाळवंटातली जुनी घरं तपासायला लागला. पहिल्याच जुलैत अहवालात लिहितो: 'थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येते. जोडणी उलटी झालेली दिसते. प्लंबरला दाखवावे.' जुलैत! इथे जुलैत थंड नळाला गरमच पाणी येतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाला दोष समजला बिचारा. हा किस्सा मी कमीत कमी दोनशे जणांना सांगितला आहे. सगळे पोट धरून हसतात. मग फोन निल्सलाच करतात.
मला ऊन बावीस वर्षांत एकदाही फसवू शकलेलं नाही.
घरांची दलाल योलांडा अठरा वर्षं गिऱ्हाइकं, विकत घेण्याआधी घर तपासून घ्यायला, माझ्याकडे धाडत होती. आता म्हणते, ड्वेन, तुझा अहवाल दोन पानांचा, त्याचा बासष्ट. मी म्हटलं, दोन पानांत न मावणारं घर अजून बांधलेलं नाही. म्हणाली, घर मावतं रे, दोष मावत नाहीत.
संकल्प: निल्सचा विचार आजपासून बंद.

३ जुलै.
विचार बंद आहे. त्याच्या नव्या ट्रकचा रंग पांढरा.

४ जुलै, गुरुवार.
सुट्टी. अंगणात मांस भाजत होतो, तेवढ्यात आमच्या मुलीने, शेल्बीने सांगितलं की तिने घर ठरवलं. मालकिणीने भाव मान्य केला. १९५६ चं बैठं घर, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, सपाट छप्पर, मागे संत्र्याची सहा झाडं. असली घरं म्हणजे माझं आयुष्य. मी चिमटा खाली ठेवला आणि पेन्सिल काढली.
शेल्बी म्हणाली, पेन्सिल ठेव. तपासणी मंगळवारी निल्स करणार आहे.
मी शांत राहिलो. एक सॉसेज कोळसा झालं, पण तो जाळाचा दोष.
तिचं म्हणणं, आतापर्यंत तीन घरं मी नापास केली. केली. पहिल्याच्या छपरावर पाणी साठत होतं. दुसऱ्यात विजेच्या तारा ॲल्युमिनियमच्या होत्या. तिसऱ्यात काही नव्हतं, पण ते आमच्यापासून चाळीस मिनिटांवर होतं.
म्हणाली, "बाबा, तू घर वाईट म्हणालास तर मला कळतच नाही, घर वाईट आहे की तू रुसलायस."
मला रुसायला वेळ कुठे आहे.
मुदत तेरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत. तोवर तिला नको म्हणता येतं. त्यानंतर नको म्हटलं तर विसार बुडाला. तिने सहा वर्षं रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे आहेत. मी तिला वचन दिलं: तपासणीत ढवळाढवळ करणार नाही.

५ जुलै.
ढवळाढवळ आणि नजर टाकणं यांत फरक आहे.

६ जुलै, शनिवार. दुपारी १.
सहज त्या रस्त्याने गेलो. सहज ट्रक थांबवला. अकरा वाजले होते. मालकीण मिसेस टिलमन, वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी. मी म्हटलं, घराच्या तपासणीबद्दल आलोय. हे अक्षरशः खरं होतं. तिने बर्फ घातलेला चहा दिला आणि आत जाऊ दिलं.
छप्पर बरं. तारा तांब्याच्या. वाळवीची माती कुठे नाही. मन खट्टू झालं.
मग पॅसेज. बाथरूमच्या बाहेर फरशीला हात लावला आणि थबकलो. गरम. बाजूची फरशी गार, मध्ये हातभर रुंदीचा लांब पट्टा गरम. कॅमेरा धरला. पडद्यावर नारिंगी पट्टा, अगदी बाथरूमच्या दिशेने.
सगळ्यांनाच ठाऊक असतं असं नाही, म्हणून लिहितो: या घरांच्या गरम पाण्याच्या नळ्या फरशीखालच्या काँक्रीटमधून जातात. साठ वर्षांनी नळी फुटते, पाणी खाली झिरपतं, वरची फरशी गरम होते. दुरुस्तीला अख्खं घर खोदावं लागतं.
मिसेस टिलमन म्हणाली, माझी मांजर रोज सकाळी तिथेच लोळते, जेवायच्या वेळेला उठून जाते. म्हणजे मांजरीलाही नळी कळली. निल्सला कळते का बघू.
चहा उत्तम होता.

७ जुलै, रविवार.
शेल्बीला सांगावं का? सांगितलं तर ढवळाढवळ. वचन म्हणजे वचन. शिवाय निल्सला त्याचं काम स्वतः करू द्यावं, नवा माणूस आहे. त्याच्या अहवालात गळती आली तर उत्तमच, मुलीचं भलं झालं. नाही आली तर मी आहेच.
मार्लीन म्हणाली, तू आज शीळ का घालतोयस.

९ जुलै, मंगळवार. सकाळी ८.
योगायोगाने पहाटे सव्वापाचला त्याच रस्त्यावर होतो. निल्स आलेला होता. बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत गेला, जशी काही तिथे शस्त्रक्रिया आहे. मग छपरावरून एक भिरभिरतं यंत्र उडवलं. मी बावीस वर्षं शिडीने चढतो. यंत्राला गुडघे नसतात, त्याला काय.
फूटपाथपाशी गुडघे टेकून बराच वेळ बसला होता. प्रार्थना करत असावा.
निघताना माझ्या काचेवर टकटक केली. म्हणाला, "सर, तुम्ही? आत या ना, तुमचं मत कळलं तर बरं होईल." 'सर'! वय काढायची ही मिनेसोटाची तऱ्हा. मी म्हटलं, मी इथून चाललो होतो. गाडी उभी होती, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. हा त्याचा आगाऊपणा.

१० जुलै, बुधवार.
अहवाल आला, शेल्बीने आम्हाला पाठवला. बासष्ट पानं. पान ३ वर छपराचा वरून घेतलेला फोटो. मार्लीन म्हणाली, रस्त्यापलीकडे तुझा ट्रक दिसतोय. शहरात पांढऱ्या शिडीचे ट्रक अनेक असतात.
सुरुवातीलाच दोषांची यादी: चौदा. खिडकीचा रबर, नळाचा वायसर, वॉटर हीटर जुना. गळती? नाही! दोनदा वाचली. नाही! पान ११ पर्यंत वाचून अहवाल बंद केला. यादीत नसलेलं पुढे कोण शोधणार. फोटो मात्र चांगले आहेत. चांगलेच आहेत.
उद्या शेल्बी जेवायला येते आहे. मार्लीनला पीच पाय, म्हणजे पीच भरून भाजलेलं पक्वान्न, करायला सांगितलं.

११ जुलै, गुरुवार.
पीच पाय कापण्याआधी सांगितलं. घसा साफ करून, सावकाश, मांजरीसकट.
शेल्बीने काटा खाली ठेवला. तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"
म्हटलं, शनिवारी.
"आज गुरुवार आहे, बाबा."
मी वचनाची आठवण करून दिली. ती म्हणाली, मी पाच दिवस पडद्यांचं माप घेत होते. मग म्हणाली, तुला मला वाचवायचं नव्हतं, त्याला पाडायचं होतं.
पीच पाय कुणी खाल्ला नाही. कोपऱ्यात थोडा जळलाही होता.

१२ जुलै, शुक्रवार. दुपार.
विजय. शेल्बीने योलांडाला सांगितलं, नकाराचं पत्र तयार कर, उद्या सही करते. बासष्ट पानांसमोर तिने बापाचा शब्द धरला. हे मला आयुष्यभर पुरेल.
मार्लीन म्हणाली की शेल्बी फोनवर रडत होती. म्हणत होती, बाबा रुसतो, पण अशा बाबतीत खोटं बोलणार नाही.
हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

त्याच दिवशी, ५ वाजता.
शेल्बीने निल्सला जाब विचारायला फोन केला. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, पान ४१ बघा. मार्लीनने ते छापून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर उभी राहिली. उतरवून घेतो:
'मालकिणीच्या सांगण्यावरून पॅसेजची फरशी पाहिली. सकाळी पूर्वेच्या वरच्या झरोक्यातून ऊन येऊन पट्टा तापतो आणि ऊन सरकल्यावरही दुपारपर्यंत गरम राहतो असे दिसते. म्हणून सूर्योदयापूर्वी तपासले: तापमान सर्वत्र सारखे. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर तीस मिनिटे पाहिला. गळती नाही. इथे नवा असताना उन्हाला दोष समजण्याची चूक मी केली होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.'
मी म्हटलं, मीटर जुना असू शकतो.
मार्लीन म्हणाली, तिला फोन कर. मी म्हटलं, सकाळी करतो. ती म्हणाली, आत्ता. केला. म्हटलं, सही करू नकोस, मला एकदा खात्री करू दे. शेल्बी म्हणाली, पहाटे पाचला ये, आणि आतल्या कुणाला काही खोटं सांगून शिरू नकोस.

१३ जुलै, शनिवार. सकाळी ७.
पाचला पोचलो. शेल्बी होती, निल्स होता. मिसेस टिलमनने मला ओळखलं आणि निल्सला विचारलं, हे तुमच्या हाताखाली असतात का. निल्स म्हणाला, नाही मॅडम, सर माझ्यापेक्षा सीनियर आहेत. तो टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.
पॅसेजची फरशी हाताने पाहिली. मग कॅमेऱ्याने. पडदाभर एकच निळा रंग.
नळ सगळे बंद केले. बाहेर फूटपाथपाशी झाकण उचललं. मीटरवर एक चिमुकला लाल त्रिकोण असतो. पाण्याचा थेंब जरी सरकला तरी फिरतो. निल्स म्हणाला, सर, तुम्हीच बघा. मी गुडघे टेकले. शेल्बी शेजारी येऊन बसली, घड्याळ तिच्या हातात. मध्येच तिने विचारलं, तुझे गुडघे दुखतायत का. म्हटलं, नाही. दुखत होते.
तीस मिनिटं पाहिलं. त्रिकोण हलला नाही.
शेल्बीने योलांडाला कळवलं, पत्र फाडून टाक.
आत चहाला गेलो. सहा वाजून दहा मिनिटांनी पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आलं आणि पॅसेजच्या फरशीवर पडलं. हातभर रुंद, लांब, बाथरूमच्या दिशेने.