रिकामा फ्लॅश

तात्या, कुंडलच्या त्या लग्नात समोर उभ्या राहिलेल्या सगळ्यांचे फोटो तुम्ही खरंच काढले होते का, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी हे आत्ता विचारते आहे, कारण उत्तर मला द्यावं लागतंय आणि ते माझ्याकडे नाही.

पलूसचा आपला स्टुडिओ अजून चालू आहे. आता मीच बघते. लग्न उरकलं की फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, इंटरनेटवर चढवायचे आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर एक लिंक पाठवायची. लिंक म्हणजे नुसती एक ओळ असते, तिच्यावर बोट ठेवलं की सगळे फोटो उघडतात. व्हॉट्सअॅपवर तसेच पाठवले तर ते बारीक होतात, मोठे केले की फुटतात, म्हणून ही सोय. तुम्ही अल्बम पिशवीत घालून स्वतः घरी जायचात. चहा व्हायचा, सगळं घर अल्बमवर वाकायचं आणि तुम्ही अल्बमकडे न बघता माणसांकडे बघत बसायचात. कुणीतरी विचारायचंच, "आवं, आमचा फोटू कुठं हाय?" मग तुम्ही कपाळाला हात लावायचात. "सांगलीच्या लॅबवाल्यानं घोळ केला बगा. नेमका तेवढाच तुकडा खराब केला त्येनं." त्या लॅबवाल्याने खरंच तेवढा घोळ केला असता, तर त्याला कुणी दुसरा रोल दिला नसता. मी आता कुणाच्या घरी जात नाही. लिंक गेली की दोन निळ्या खुणा येतात. बघणारे हसले की गप्प झाले, काही कळत नाही.

मागच्या महिन्यात शिरवळला कंपनीत असलेला एक मुलगा आला. आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस होता, जुन्या निगेटिव्हवरून जेवढं निघेल तेवढं त्याला हवं होतं. तुमच्या निगेटिव्ह अजून पेढ्यांच्या खोक्यांतच आहेत, झाकणावर गावाचं नाव. कुंडलचं खोकं काढलं, एकेक पट्टी पुसून स्कॅन केली, काहीही न वगळता फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ‘सर्व फोटो’. त्याने ती लिंक सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. दोन-चार दिवसांनी त्याची मावशी, म्हणजे त्या लग्नातल्या नवरीची धाकटी बहीण, एसटीने स्टुडिओत आली. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ह्यात माजा आन् दादाचा फोटू न्हाई."

"मावशी, परत एकदा बघा की. लय फोटो आहेत."

"चारदा बगितलं. नातवाकडनं बी बगून घेतलं, त्यो तर वैतागलाय माज्यावर. तू समदं धाडलंस न्हवं? वर लिवलंय की, सर्व फोटो."

मग तिने सांगितलं. तिचा भाऊ फौजेत होता. लग्नासाठी सुट्टीवर आला आणि सगळा दिवस पळापळ करण्यातच गेला. पाठवणीच्या थोडं आधी तो तिला म्हणाला, चल, आपला दोघांचा एक काढू. मांडवाच्या खांबापाशी दोघं उभे राहिले. "फ्लॅश पडला तसं माजं डोळं दिपलं. दादा हसला, म्हनला, मिटलंस न्हवं डोळं, येडे? मी म्हनलं, न्हाई मिटलं. फोटू आल्यावर बगू, म्हनला." तो ड्युटीवर गेला तो परत आला नाही. त्याचा वर्दीतला फोटो त्यांच्या भिंतीवर आहे, पण दोघांचा असा एकही नाही. "अल्बम आला तवा इचारलं हुतं तुज्या बापाला. लॅबवाल्यानं घोळ केला म्हनलं. आता मुळातलंच समदं निगालंय, तर त्यो बिगाडल्याला बी आसंलच की. बिगाडल्याला का आसंना, मला चालतोय."

ती गेल्यावर मी पट्टी परत उजेडावर धरली. एका चौकटीत मांडवात जेवणाऱ्या बायका आहेत आणि लगेच पुढच्या चौकटीत पाठवणी. मधे तुटलेलं नाही, खराब झालेलं नाही. त्या दोघांच्या फोटोला जागाच नाही.

तुम्हाला आठवत असेल, फ्लॅशच्या पाठीवर एक तपासायचं बटण असायचं. ते दाबलं की नुसता लखलखाट होतो, फोटो निघत नाही, रोल पुढे सरकत नाही. पाठवणीसाठी तुम्ही शेवटच्या काही चौकटी राखून ठेवायचात आणि मधे कुणी हौसेने समोर आलं की ते बटण दाबायचात. आई तुम्हाला बोलायची, "लोकास्नी फशिवता व्हय?" तुम्ही म्हणायचात, "आगं, गावाचं गाव रोलमधी मावत न्हाई. पर माणूस केस सारखं करून म्होरं हुबा राहिला, तर त्येला उजेड तरी द्याया नगो?" तेव्हा आम्ही सगळे हसायचो. मलाही ते बरोबर वाटायचं. आता ते बरोबर होतं की चूक, मला ठरवता येत नाही. त्या बाईकडे तेवढा उजेडच आहे आणि इतकी वर्षं तो तिला पुरला आहे. पण पुरला असता तर ती एसटीने इथवर का आली असती?

शिरवळच्या मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हल्ली दोन फोटो जोडता येतात की. करून टाका, मावशीला काय कळतंय." जोडता येतात हे मला माहीत आहे, आमचं निम्मं काम तेच असतं. बहिणीच्या शेजारी बसलेली ती एका फोटोत सापडली, मुलाने ओळखून दिलेला तिचा दादा दुसऱ्यात पाहुण्यांना वाट दाखवत उभा होता. मांडवाचा खांब होताच. फोटो चांगला झाला, सांधा दिसत नाही. तरी मी तो पाठवला नाही. तुम्ही फोटो नसताना उजेड दिलात. जो उजेड कधी पडलाच नाही, त्याचा फोटो मी द्यायचा का? मला खरंच समजत नव्हतं, म्हणून मी तिलाच बोलावलं. दाखवू आणि तिच्या तोंडाकडे बघू, असं ठरवलं.

ती आली ती बोलतच. "मला समदं ध्येनात हाय. दादा माज्या डाव्या अंगाला हुता. फ्लॅश पडस्तोवर माजी येणी वडत हुता, म्हून तर मी वाकडी हुबी." माझ्या फोटोत तो उजवीकडे होता, दोन्ही हात सरळ खाली. तिला दिसायच्या आत मी पडद्यावरचा फोटो बंद केला. बटणाचं सांगणार होते, तोंड उघडलंही, आणि म्हटलं, "मावशी, लॅबवाल्यानं घोळ केला होता."

तिने आपला फोन हातात घेतला. मग पदराने फोनची काच पुसत म्हणाली, "व्हय. बापाचीच हाईस." आणि दारातून वळून, "त्ये तुजं लिंक बंद करू नगंस मातूर. मी आजून बगती अदनंमदनं."

तिला बटणाचं माहीत होतं का, तात्या? की लॅबवाल्यावर तिचा खरंच विश्वास आहे? तुम्ही समोर असता तर तिच्या तोंडावरून ओळखलं असतं, मला जमलं नाही. लिंकची मुदत संपत आली की मी ती वाढवते. हे लिहून झालं आणि ते पाठवायला तुमचा कसलाच पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ते कुंडलच्या खोक्यातच ठेवते. एक सांगायचं राहिलं. तो जोडलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. मधूनच उघडून बघते. त्यात तिचे डोळे उघडे आहेत.