तळं कुणाच्या बांधाला?

सोमवार, ३ मार्च
शेती विकासाच्या प्लॅनची सभा गुरुवारी. एका तळ्याची जागा गावाने मिळून ठरवायची. माझी मिरची पाण्यावाचून माना टाकतेय, तेव्हा तळं माझ्या बांधाला हवं, हे उघड आहे. साडूच्या शेतात विहीर आहे. तरी तो सभेला येणारच. नाक खुपसल्याशिवाय चैन कुठे पडतं त्याला.

मंगळवार, ४ मार्च
बायको म्हणाली, माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर सभेत किती छान बोलतात. जेवणावर बहिष्कार टाकला. नंतर जेवलो, अन्न वाया नको जायला.
साडूचा मला अजिबात हेवा वाटत नाही. फक्त त्याची फटफटी, विहीर आणि डोक्यावरचे केस बघवत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च, संध्याकाळ
सभेला मुद्दाम उशिरा गेलो. इम्प्रेशन पडतं. शाळेच्या पटांगणात कृषी अधिकारी मॅडमनी लोकांकडून जमिनीवर पांढऱ्या फक्कीने गावाचा नकाशा काढून घेतला होता. तळं जिथे हवं तिथे दगड ठेवायचा. सगळे एका बाजूला, मधोमध साडू. त्याच्या शेजारी कोण उभं राहतंय? मी नकाशाच्या पलीकडे, एकटा.
साडूने स्वतःच्याच शेताशी दगड ठेवला. विहीर असून! माझं डोकंच फिरलं. तो म्हणत होता, इकडून येऊन बघा. मी हललो नाही. दुसऱ्या टोकाला माझा दगड ठेवला आणि तळं इथेच का हवं यावर दणकून बोललो. आधी लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मग टाळ्या. मॅडम म्हणाल्या, एवढं मोठं मन बघितलं नव्हतं. सगळ्यांनी आपापले दगड माझ्या दगडापाशी आणले. साडूचे डोळे भरून आले. जिरली.

शुक्रवार, ७ मार्च
बायको विचारते, स्वतःची मिरची वाळत असताना तळं धाकटीच्या शेताला का दिलं. बायकांना नकाशातलं काय कळतं.
पटांगणात जाऊन आलो. पलीकडून बघितलं. मग अलीकडून बघितलं. नकाशा उलटा काढला होता. चूक मॅडमची. उद्याच तक्रार.

रविवार, ९ मार्च
तक्रार राहिली. लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेतात. म्हणतात, असा साडू मिळायला नशीब लागतं. आता कुठल्या तोंडाने तक्रार करायची?

बुधवार, १२ मार्च
मिरची निम्मी गेली. साडू आला होता. म्हणाला, तळं होईपर्यंत विहिरीवरून पाइप टाकतो, पहिलं पाणी तुम्हाला. त्याचे उपकार घेणारा मी नव्हे. हो म्हणालो. फटफटीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं, म्हणून मागे पळत जाऊन पुन्हा म्हणालो.